बाइंडरदादांचा पासपोर्ट

पासपोर्ट आधी काढून ठेवावा, जायची वेळ आल्यावर नव्हे, हे मी गेली बावीस वर्षं घसा फोडून सांगतेय. माझं दुकानच त्याचं आहे. फोटो, झेरॉक्स आणि दारावर पाटी: 'सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील'. लोक येतात कधी? तर मुलगी परदेशात, तिला नववा लागलेला, आणि इकडे आईसाहेब माझ्यासमोर उभ्या. "दोन दिवसांत मिळेल ना हो?" मी म्हणते, "मिळेल की! आतल्या खोलीत मी तेच छापत बसलेय." माझं तोंड फटकळ आहे, मला ठाऊक आहे. नवरा गेल्यापासून जास्तच सुटलंय असं माझी नणंद म्हणते. असेल.

तर माझं ऐकून, वेळ यायच्या आठ वर्षं आधी पासपोर्ट काढणारा एकच माणूस मला भेटला. आमचे बाइंडरदादा. आणि त्यांचंच असं व्हावं, याचा मला अजून राग येतो. कुणाचा येतो ते पुढे कळेल.

दादांची खोली माझ्या दुकानाला लागून. मध्ये एक भिंत, तीही विटेची कमी आणि रंगाची जास्त. पुढच्या अर्ध्या भागात बाइंडिंग, मागच्या अर्ध्यात खाट, स्टोव्ह आणि एक लोखंडी कपाट. पुढे एक लाकडी शिकंजा, त्यात पुस्तकं दाबून ठेवलेली. खळीचं भांडं, पुठ्ठ्यांचा ढीग, कापडाचे तुकडे, दाभण, मेण लावलेला दोरा. शाळेची रजिस्टरं, वकिलांचे जाडजूड ग्रंथ, वाचनालयातली पानं गळालेली पुस्तकं, सगळं त्यांच्याकडे यायचं. पुस्तकाचा कणा ते हातोडीने ठोकून गोल करायचे. टक टक टक. तो आवाज भिंतीतून आला की मला कळायचं, दादांचं बरं चाललंय.

लग्न राहून गेलं होतं. कसं राहिलं विचारलं तर म्हणायचे, "खळ वाळायची वाट बघत बसलो." मला ते ताई म्हणायचे, मी त्यांना दादा. दोघंही एकमेकांना मोठं म्हणणारे, त्यामुळे भांडण झालं की बरोबरीचं व्हायचं.

त्यांची एक खोड होती. हातात कुठलंही पुस्तक द्या, ते आधी पाठ बघणार. नाव नाही, चित्र नाही, आत काय लिहिलंय ते तर नाहीच. कण्यावर अंगठा फिरवायचा, मधलं पान उघडून टाके बघायचे, आणि मग निकाल. माझ्या मुलाच्या लग्नाचा अल्बम दाखवला, तर नवरानवरीकडे नजरसुद्धा नाही. "नुसता डिंक लावलाय ताई. पाच वर्षांत पानं सुटतील." मी म्हटलं, "अहो, जोडा कसा दिसतोय ते सांगा!" म्हणाले, "जोडा चांगला आहे. अल्बम वाईट आहे."

जगात त्यांचं म्हणावं असं एकच माणूस होतं. अक्का. बारा वर्षांनी मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानेच त्यांना वाढवलं, आणि तेराव्या वर्षी बाइंडरकडे कामाला तिनेच लावलं. तिथे दादांनी पहिलं काय बांधलं असेल, तर अक्काची वही. सुटी पानं होती तिच्याकडे, त्यांत गाणी, स्वेटरचे नमुने, खोकल्याची औषधं, कुणाकुणाचे पत्ते. ती या पोराने शिवून, वर निळं कापड लावून दिली. टाके वाकडे आले होते म्हणे. अक्काने ती वही पुढे जन्मभर वापरली. तिचे यजमान गेले, मुलाने तिला परदेशात आपल्याकडे नेलं, तेव्हा वहीही गेली.

जाताना ती माझ्या दुकानात आली होती, फोटो काढायला. दादा मागे उभे. मला म्हणाली, "याचाही पासपोर्ट काढून ठेवा हो. हा आपणहून हलायचा नाही. उद्या माझं काही झालं तर ऐनवेळी धावपळ नको." मी लगेच दादांकडे वळले. "बघा! शहाणं माणूस असं बोलतं."

ती गेल्यावर वर्षभर मी मागे लागले आणि शेवटी फॉर्म भरला. फोटोसाठी त्यांना स्टुलावर बसवलं, तर हसायला तयार नाहीत. मी म्हटलं, "हसायचं नाहीच आहे, पण निदान मारल्यासारखं तरी तोंड करू नका." महिन्याभराने पोस्टाने पासपोर्ट आला. तो घेऊन ते थेट माझ्याकडे आले. फोटो बघितला नाही, नाव बघितलं नाही. पाठ बघितली. मधलं पान उघडलं.

"मशीनची शिलाई आहे. एकाच दोऱ्याची," ते म्हणाले. "एवढं महत्त्वाचं पुस्तक आणि असं काम?"

"ते वाचायचं पुस्तक नाही, दादा. दाखवायचं आहे."

"दाखवायचं आहे म्हणून तर," ते म्हणाले आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायला निघून गेले.

मग सुरू झाला रविवारचा फोन. दर रविवारी सकाळी अक्काचा फोन यायचा. दादांचे हात कामात असायचे म्हणून फोन स्पीकरवर, आणि अक्काला ऐकू कमी म्हणून आवाज सातव्या मजल्यावर. मी रविवारी दुकान झाडायला यायचे. ऐकायचं नाही म्हटलं तरी सगळं ऐकू यायचं. आणि खरं सांगायचं तर मी ऐकायलाच यायचे. माझा मुलगा दुसऱ्या शहरात, त्याचा फोन महिन्यातून एकदा, तोही 'बरी आहेस ना, ठेवतो' इतका.

"पासपोर्ट आहे ना रे तयार?" अक्का विचारायची.

"आहे. कपाटात आहे."

"मग ये की!"

"येतो. एवढं शाळेचं काम संपू दे."

"माझ्या वहीचा दोरा सुटत चाललाय रे. पानं हातात येतायत. तू येऊन एकदा शिवून दे."

"मग पोस्टाने पाठव ना. दोन दिवसांत करून परत पाठवतो."

"आणि वाटेत हरवली म्हणजे? नको बाई. तूच ये."

"बरं. येतो."

आठ वर्षं हेच बोलणं. मधल्या काळात भाच्याने घर बदललं, अक्काच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, माझ्या दुकानात नवीन मशीन आलं, पण हे बोलणं तेच. दिवसभर ती तिथे घरात एकटी असायची. मुलगा-सून सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. खिडकीतून रस्ता दिसतो पण रस्त्यावर माणूस दिसत नाही, म्हणायची. एकदा तर मी भिंतीवर थाप मारून ओरडले, "अहो, जा ना दादा! काय अंडी उबवताय?" तिकडून शांतपणे उत्तर आलं, "जायचंच आहे ताई. पासपोर्ट तयार आहे."

तोच तर घोटाळा झाला. ज्यांच्याकडे पासपोर्ट नसतो ते निदान घाबरून धावतात. यांचा तयार होता, म्हणून यांना वाटायचं आपण अर्ध्या वाटेत पोचलोच आहोत. अक्काची वही शिवायला म्हणून त्यांनी खास जाड दोऱ्याची गुंडी आणून मेण लावून ठेवली होती. तीही त्याच कपाटात, पासपोर्टच्या शेजारी. तयारी सगळी होती. नुसतं निघायचं राहिलं होतं.

मग काम कमी होत गेलं. शाळेने रजिस्टरं बंद केली, सगळं कॉम्प्युटरवर. वाचनालय फाटलेली पुस्तकं रद्दीत घालायला लागलं. दीड वर्षापूर्वीची गोष्ट. आठवडाभर भिंतीतून टक टक आलीच नाही. मी दोनदा डोकावून आले. दादा खाटेवर बसलेले, हात मांडीवर. "बरं नाही का?" तर म्हणाले, "बरं आहे. काम नाही." त्यांचे हात रिकामे बघायची मला सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडीचा आवाज आला. अगदी हलका. मी मनात म्हटलं, चला, काहीतरी आलं बाबा कामाला.

दोन दिवसांनी दादा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. माझ्या काउंटरवर ठेवलं आणि उघडलं. पासपोर्ट. पण काय तो पासपोर्ट! कव्हर तेच, पण आतून नवीन अस्तर लावलेलं. कडा एकसारख्या कापलेल्या. सगळी शिलाई उसवून नव्याने शिवलेली, अक्कासाठी आणलेल्या त्या मेणाच्या दोऱ्याने. फोटोच्या पानाला मागून पातळ कागदाची पट्टी. उघडून ठेवला की काउंटरवर सपाट पडून राहायचा. आपले पासपोर्ट मिटतात, बोटाने धरून ठेवावे लागतात. हा राहिला.

"कसर लागत होती डिंकाला," दादा म्हणाले. "म्हटलं, आता करूनच टाकू." मग म्हणाले, "ताई, पन्नास वर्षं लोकांची पुस्तकं बांधली. माझं नाव असलेलं हे एकच आहे."

आता ऐका. मी बावीस वर्षं फॉर्म भरतेय. पासपोर्टचं एक पान ओलं झालं तरी काय होतं, मला माहीत आहे. त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं, हे चालतं का? उसवलेला पासपोर्ट चालतो का? शब्द अगदी जिभेवर आला. पण मी वर बघितलं आणि मला त्यांचा चेहरा दिसला. आठवडाभर रिकामा बसलेला माणूस असा उजळून उभा होता. आणि मी, जी आल्यागेल्याला फाडकन बोलते, जिने सख्ख्या नणंदेला सोडलं नाही, ती मी म्हणाले, "वा दादा! हात आहेत की काय!"

राग कुणाचा येतो म्हटलं होतं ना? तो हा.

यावर्षी भाच्याचा फोन आला, तो रविवारी नाही, बुधवारी. तेव्हाच मला कळायला हवं होतं. अक्का बाथरूममध्ये पडली होती. आधी कंबर, मग हृदय. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तो दिवस आपला, फार तर तीन-चार आठवडे. भाचा म्हणाला, "मामा, ती तुमचंच नाव घेतेय. या."

दादांनी एकदाही 'एवढं काम संपू दे' म्हटलं नाही. तडक माझ्याकडे आले. व्हिसाचा अर्ज आता कॉम्प्युटरवरच होतो, पासपोर्टच्या पानाची प्रत जोडली की झालं. मी पासपोर्ट मशीनच्या काचेवर ठेवला. तो सपाट पडला. एरवी मला तळहाताने दाबून धरावा लागतो. मी त्याच्याकडे बघत राहिले, आणि पुन्हा गप्प बसले. म्हटलं, काही नाही होत. नंबर बरोबर आहे, फोटो बरोबर आहे, कोण बघतंय टाके! सहा दिवसांत व्हिसा आला. भाच्याने तिकीट पाठवलं, मंगळवारचं.

मी दुकान बंद ठेवून विमानतळापर्यंत सोडायला गेले. दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बॅगेत दोन जोड कपडे, अक्कासाठी शाल, आणि दोऱ्याची उरलेली गुंडी. दाभण मी काढून ठेवायला लावलं होतं, म्हटलं सुई बघून पकडतील. तेवढी माझी अक्कल चालली होती बघा. "तिकडे सुई मिळेल ना?" त्यांनी तीनदा विचारलं. आत जाताना त्यांनी पासपोर्ट दोन्ही हातांत धरला होता.

मी परतीच्या बसमध्ये बसले. दहाबारा स्टॉप गेले असतील, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, मला सोडत नाहीयेत."

मी तिथल्या तिथे उतरले. परत पोचले तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसलेले, बॅग मांडीवर. आत काय झालं ते त्यांनी मला सावकाश, सगळं क्रमाने सांगितलं. खिडकीतल्या साहेबांनी पासपोर्ट हातात घेतला आणि कण्यावर अंगठा फिरवला. मग मधलं पान उघडलं. "अगदी आपल्यासारखं, ताई. मला बरं वाटलं." मग त्यांनी दुसऱ्या साहेबांना बोलावलं. त्यांनी दिव्याखाली धरून बघितला आणि तिसऱ्यांना बोलावलं. दादांना वाटलं, काम दाखवायला बोलावतायत. एक जण म्हणाला, "हे कुणी केलं?" आणि दादा म्हणाले, "मी."

"छाती पुढे काढून सांगितलं मी," दादा म्हणाले. "मला वाटलं, आवडलं."

मग साहेबांनी समजावलं. तसे ते वाईट नव्हते, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, पासपोर्ट उसवायचा नसतो. उसवलेल्या पासपोर्टमध्ये पान बदललेलं असू शकतं, त्यामुळे तो पासपोर्टच राहत नाही. दादा म्हणाले, "साहेब, पानं तपासून घ्या. एकही इकडचं तिकडे नाही. माझ्या हातून पान चुकत नाही." साहेब म्हणाले, "आजोबा, तुमच्यावर विश्वास आहे. पण तिकडच्या विमानतळावर नसेल. नवीन काढा."

दादांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, हे तुम्हाला माहीत होतं?"

विमानं उडत होती, माणसं गाड्या ढकलत जात होती. खोटं बोलता आलं असतं.

"शंका आली होती," मी म्हटलं. "तुम्ही दाखवलात तेव्हाच. बोलले नाही."

"का?"

"तुम्ही खूश होतात."

ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं उठून त्यांनी बाकावरची माझी पर्स माझ्या हातात दिली आणि बसस्टॉपकडे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला बसलो. नवीन पासपोर्ट का हवा, याला तिथे कारणं दिलेली असतात. मुदत संपली, हरवला, खराब झाला. मी 'खराब झाला'वर खूण करायला गेले तर दादांनी माझा हात धरला.

"खराब कुठे झालाय? होता त्यापेक्षा चांगला झालाय."

"दादा, 'चांगला झाला' असा रकाना नाही."

"मग लिहा की बाजूला. दुरुस्त केला म्हणून."

"दुरुस्त लिहिलं की आणखी चौकशी लागेल!"

"मी पन्नास वर्षांत एक पुस्तक खराब केलेलं नाही, ताई. सही करून तसं लिहून देऊ?"

मी भडकलेच. "तिकडे अक्का तुमची वाट बघत पडलीय आणि तुम्ही इथे इभ्रत कवटाळून बसा!" बोलले आणि तोंडावर हात ठेवला. जेव्हा बोलायचं तेव्हा गप्प, आणि आता हे.

दादांनी पेन मागितलं. सोबत एक निवेदन जोडायचं असतं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. सातवी शिकलेला माणूस, एकेक अक्षर कोरून. 'माझा पासपोर्ट मी माझ्या हाताने खराब केला आहे.' खाली सही.

अर्ज तातडीचा म्हणून टाकला, पण असल्या पासपोर्टची चौकशी होते आणि सगळी तातडी तिथे संपते. सोमवारी कार्यालयात बोलावलं. तिथल्या बाईंनी जुना पासपोर्ट जमा करून घेतला, निवेदन दोनदा वाचलं आणि सांगितलं, दोन ते तीन आठवडे लागतील. मी हुज्जत घातली, अक्काच्या डॉक्टरांचं पत्र दाखवलं, हात जोडले. त्या म्हणाल्या, "बाई, मी पुढे पाठवते आजच. माझ्या हातात तेवढंच आहे." आणि खरंच त्यांनी माझ्यासमोर फाइल उचलून आत नेली.

त्यानंतरच्या रविवारी मी झाडू हातात घेऊन भिंतीपाशी उभी होते. फोन आला. भाच्याने तिकडे अक्काच्या कानाशी धरला असणार. दादा कुठे पोचले, कुठे अडले, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला जेमतेम ऐकू आला.

"पासपोर्ट आहे ना रे तयार?"

दादा म्हणाले, नेहमीच्याच आवाजात, "आहे अक्का. कपाटात आहे."

"मग ये की."

"येतो."

त्या दिवशी त्यांनी काम कुठलं संपायचंय ते सांगितलं नाही, आणि तिनेही वहीचं काढलं नाही. शुक्रवारी ती गेली.

नवीन पासपोर्ट त्यानंतर दहा दिवसांनी आला. पोस्टमनने तो माझ्याच दुकानात दिला, दादा दार उघडत नव्हते म्हणून. मी नेऊन दिला. त्यांनी पाकीट फोडलं, पासपोर्ट हातात घेतला, आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांना पुस्तकाची पाठ न बघताना पाहिलं. त्यांनी सरळ फोटोचं पान उघडलं.

"किती वर्षं चालतो?"

"दहा."

"दहा वर्षं," ते म्हणाले. "कुणाकडे जाऊ?"

त्यांनी पासपोर्ट मिटून माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुमच्या कपाटात ठेवा. माझे हात गप्प बसायचे नाहीत." तो अजून माझ्याकडेच आहे, झेरॉक्सच्या कागदांच्या रिमखाली.

महिन्याभराने भाच्याचं पार्सल आलं. दादा ते घेऊन माझ्याकडे आले आणि काउंटरवर ठेवलं. एकट्याला फोडवत नव्हतं, असं त्यांनीच सांगितलं. वर चिठ्ठी होती: आईने ही मामांना द्यायला सांगितली होती. आत निळ्या कापडाची वही. कापड विटून राखाडी झालेलं, कोपरे झिजलेले.

दादांनी खिशातून दोऱ्याची गुंडी काढून शेजारी ठेवली. दाभणही आणलं होतं. "निदान एवढं तरी करून टाकू," म्हणाले. "आठ वर्षं मागे लागली होती."

त्यांनी वही उचलली. कण्यावर अंगठा फिरवला. मधलं पान उघडलं, टाके बघितले आणि एकदम हसले. "किती वाकडे घातलेत बघा. तेरा वर्षांचं पोर." मग एक पान चिमटीत धरून ओढून बघितलं. मग पुढचं. मग मागचं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकेक करून. मला वाटलं, कुठून सुरुवात करायची ते ठरवतायत.

त्यांचे हात थांबले.

"काय झालं?" मी विचारलं.

"सुटलेला नाही."

"काय?"

"दोरा. एक टाका सुटलेला नाही, ताई. सगळी पानं घट्ट आहेत."

त्यांनी वही काउंटरवर उघडून ठेवली. मीही एक पान ओढून बघितलं. हललं नाही. या वेळी गप्प बसायचं नव्हतं मला. "दादा, अक्काला वही शिवून नकोच होती."

"हो," ते म्हणाले. त्यांनी गुंडी उचलली, बोटाभोवती दोरा गुंडाळला, परत सोडला.

"आणि मी तिला म्हणायचो, पोस्टाने पाठव."